पात्रतेच्या चाळणीतील दोन चुका

लाडकी बहीण योजनेतील 26.34 लाख लाभार्थ्यांचा लाभ जून 2025 पासून तात्पुरता स्थगित केल्याचे महाराष्ट्राच्या महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी जुलैमध्ये जाहीर केले. सुमारे 14 हजार पुरुषांनीही पैसे उचलल्याचे उघड झाले. साहजिकच चर्चा तिजोरीच्या नुकसानीभोवती फिरली. या चाळणीत पात्र महिला किती अडकल्या, हा प्रश्न मागे पडला.

संख्याशास्त्र या दोन चुकांचा हिशेब वेगवेगळा ठेवते. जेर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी 1928 ते 1933 या काळात त्यांची मांडणी केली. ‘अर्जदार पात्र आहे’ हे गृहीतक मानले, तर पात्र व्यक्तीला नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि अपात्राला स्वीकारणे ही दुसऱ्या प्रकारची. हाती माहिती तेवढीच असताना निकष कडक केला, की दुसरी चूक घटते, पण पहिली वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या, तर अधिक आणि अचूक माहितीच लागते.

लंडनमध्ये या दोघांच्या सहवासात घडलेले मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पुढे भुकेच्या मोजणीत हाच पेच दाखवला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्यरेषेसाठी दरडोई दररोज 2250 उष्मांकांचा आधार घेतला होता. शरीराची गरज माणसागणिक बदलते. सरासरीलाच सीमा मानले तर धडधाकट माणसेही उपाशी ठरतात, हा सुखात्मे यांचा आक्षेप. सीमा खाली आणली तर खरे उपाशी गणतीतून निसटतील, ही टीकाकारांची भीती. रेषा कुठेही ओढली तरी चूक उरतेच. ती कोणाच्या वाट्याला जाते, एवढेच बदलते.

म्हणूनच कोणती चूक अधिक घातक, हे चाळणी लावण्याआधी ठरवावे लागते. अपात्राला गेलेले 1500 रुपये वसूल करता येतात. पात्र महिलेच्या घरात त्या महिन्यात न आलेले रेशन किंवा औषध मागाहून भरून निघत नाही. गोव्यातही 2012 पासून चालणाऱ्या गृह आधार योजनेला उत्पन्नमर्यादेची अट आहे. अशा कोणत्याही पडताळणीनंतर वगळलेल्यांच्या आकड्याशेजारी, तक्रारीनंतर पुन्हा पात्र ठरलेल्यांचा आकडाही सरकारने प्रसिद्ध करायला हवा. त्याशिवाय चाळणी यशस्वी झाली, असे म्हणता येणार नाही.