कर कापला म्हणजे काम संपले नव्हे

जून उजाडला की ओळखीची माणसे मला रस्त्यात थांबवून विचारतात, "मास्तर, बँकेने व्याजातून कर कापलाय, आता आणखी काय भरायचं?" २०२२ सालापर्यंत मीही असेच समजत होतो.

त्या जुलैत मी विवरणपत्रात फक्त पेन्शन दाखवली. बँकेने ठेवीच्या व्याजावर १० टक्के कर कापला होता, म्हणून ते व्याज लिहिले नाही. पतसंस्थेने काहीच कापले नव्हते, म्हणून तेही लिहिले नाही. दोन्ही समजुती चुकीच्या! कापलेला कर हा आगाऊ हप्ता असतो. व्याज उत्पन्नात धरायचेच आणि कमी पडणारा कर भरायचा. कर कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही.

२० डिसेंबरला आयकर खात्याचा मेल आला. इंग्रजी मजकूर पाहून हातपाय गार पडले. आठ दिवस घरात कुणाला बोललो नाही. घास गिळेना, तेव्हा सौ.ने खोदून विचारले. ती धारवाडची. सगळे ऐकून म्हणाली, "लेक्का कोट्र आत्री, अंजोदु याक?" हिशेब दिला की झाले, भ्यायचे कशाला! तिनेच ट्रंकेतून पासबुके काढली, पतसंस्थेचे मराठी आणि बँकेचे कन्नड-इंग्रजी.

विवरणपत्र सुधारण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपत होती. २९ तारखेला सुधारित पत्र भरले, सुमारे साडेसात हजारांचा कर भरला आणि प्रकरण मिटले. लाजेपोटी आणखी तीन दिवस गप्प बसलो असतो तर?

तेव्हापासून पाळत असलेल्या चार गोष्टी सांगतो.

विवरणपत्र भरण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर नोंदलेले व्याज व कापलेला कर पाहावा आणि घरातल्या पासबुकांशी ताडून घ्यावा. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांचे बँकेतले व्याज वर्षाला एक लाखापर्यंत असेल तर कर कापला जात नाही. पण ते दाखवायचे मात्र असते.

नवऱ्याने स्वतःच्या पैशांतून बायकोच्या नावे ठेव ठेवली, तर तिचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. ती राहिली तर भरलेले वाया जाऊ शकते.

नोटीस आली तर आधी ती खरी आहे का ते पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्त क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर तपासता येतो. "परतावा मंजूर, लिंक दाबा" असल्या निरोपांना भुलू नये. खाते ओटीपी किंवा पासवर्ड मागत नाही. पत्र खरे निघाले तर मुदतीत उत्तर द्यावे.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे जुने क्रमांक पाठ असले तरी त्यांवर विसंबू नका, जाणकाराला विचारा.

आणि मेल आला तर तो घरात दडवू नका. आमच्या ट्रंकेची किल्ली आता सौ.कडे असते. मी निर्धास्त झोपतो.