आधी गाडी काट्यावर ठेवा

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की कॉलेजांमध्ये मॉडेल गाड्यांची धांदल सुरू होते. कर्जत, खोपोलीची मंडळी लोकल पकडून थेट लॅमिंग्टन रोड गाठतात. प्लॅस्टिकची चॅसिस, पिवळ्या मोटारी, जाडजूड चार चाकं, बॅटरी. एका संध्याकाळी सगळं जोडून तयार. वरून स्प्रे पेंट आणि कॉलेजच्या नावाचा स्टिकर. परीक्षक येतात, मोबाइलवरून चालते का ते बघतात, खूश होऊन पुढे जातात. गाडीचं वजन किती, हे विचारतं का कोणी? क्वचितच.

आणि तोच तर खरा प्रश्न आहे. गाडी चढत नाही? मोठी मोटर लावा. मोठ्या मोटरला मोठी बॅटरी लागते, बॅटरीला भक्कम सांगाडा लागतो, आणि एवढं सगळं वाहून न्यायला परत आणखी मोठी मोटर. खर्च वाढत जातो, गाडी मात्र तिथेच घुटमळते.

वजनाचा हिशेब समजून घ्यायला आपल्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावते. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला पुण्याच्या गाड्या थांबतात, मागे बँकर इंजिनं लागतात, तोवर आपण वडा खाऊन घेतो. रोजचंच असल्यामुळे त्यातलं गणित आपल्या डोक्यात येत नाही. एक किलोची गाडी या चढावर न्यायची तर घर्षण सोडूनही साधारण २७ ग्रॅम वजनाइतका जोर सतत मागे ओढत असतो. नेरळ-माथेरानच्या १९०७ च्या दोन फुटी रुळांवर काही ठिकाणी १:२० चा चढ आहे. तिथे हाच आकडा ५० ग्रॅम होतो. गाडीचं वजन निम्मं करा, ओझंही निम्मं.

हा घाट वर्गात उभा करायला काहीही लागत नाही. १८५ सेंटिमीटरची फळी घ्या. एक टोक ५ सेंटिमीटर उचललं की झाला बोरघाट. सव्वानऊ सेंटिमीटर उचललं की माथेरान. मोटर नकोच, एक रबरबँड द्या सगळ्यांना, सारखाच. बघू कोणाची गाडी वर पोचते.

मग डोकं चालायला लागतं. पहिली कात्री चाकांना लावायची, कारण चाकाचा भार दुहेरी नडतो. ते पुढेही जातं आणि फिरतंही. सगळं वजन कडेला असलेलं चाक वेग पकडताना आपल्या दुप्पट वजनासारखं वागतं. म्हणून जाड रबरी चाकांपेक्षा जुन्या सीडी बऱ्या. आसाला सायकलचा स्पोक, त्यावर रिकाम्या रिफिलचा तुकडा. सांगाड्याला भरीव लाकडी पट्टी कशाला? बांबू आतून पोकळ असतो, पेरापेरांवर बांधलेला असतो, आणि वजनाच्या मानाने वाकायला भलताच चिवट. कर्जतच्या ठाकरवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या टोपल्या विणल्या जातात. बांबू कुठे चिरायचा आणि कुठे तसाच ठेवायचा हे तिथल्या आजीला जेवढं कळतं, तेवढं आपल्या वर्कशॉपच्या जर्नलमध्ये लिहिलेलं नसतं. विचारायला जायला लाज वाटायचं कारण नाही.

पण नुसती हलकी केली म्हणजे जिंकली असंही नाही. फारच हलकी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते, कारण पकडीसाठी चाकावर भार हवा. तो फिरणाऱ्या चाकावरच हवा, भलतीकडे नको. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत हाच बोरघाट बँकर न लावता चढते. तिला पुढे ओढणारं वेगळं अवजड इंजिन नाही. मोटारी गाडीभर वाटलेल्या आहेत आणि निम्मे आस स्वतः जोर लावतात, त्यामुळे प्रवाशांसकट डब्यांचं वजनही पकडीच्या कामी येतं. मॉडेलमध्ये हे करायला फुकटचा उपाय आहे: बॅटरी उचलून मागच्या आसावर ठेवा आणि सीडीच्या कडेला फुग्याचं रबर ताणून बसवा.

हे सगळं मार्कांपुरतं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माथेरानला जाऊन यावं. वाहनांना बंदी असलेल्या त्या डोंगरावर माणसं माणसांना हातरिक्षात बसवून चढावर ओढत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. म्हणजे लाल मातीच्या, पावसाळ्यात धुपणाऱ्या, तीव्र चढाच्या रस्त्यावर चालेल अशी हलकी, पकड न सोडणारी गाडी हा आपल्या तालुक्यातला जिवंत प्रश्न आहे. ब्रेकचं काय, बॅटरी किती फेऱ्या पुरणार, उतारावर काय होणार, दुरुस्ती माथेरानातच करता येईल का? एवढे प्रश्न समोर असताना आमचे प्रोजेक्ट अजून ‘लाइन फॉलोअर’वरच अडकलेले. तोही विकतचा!

किट आणणाऱ्या पोरांना नावं ठेवून उपयोग नाही. नियम तसे, तर गाड्या तशा. स्पर्धा भरवणाऱ्यांनी यंदा तीन गोष्टी कराव्यात. सामानाच्या खर्चाला दोनशे रुपयांची मर्यादा घालावी. सपाट टेबलाऐवजी चढाची फळी ठेवावी. आणि नोंदणीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, प्रत्येक गाडीचं वजन करून ते तिच्या नावापुढे लिहावं. किराणा दुकानातला काटा एका दिवसासाठी कोणीही देईल.