उपरा कोण?

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती हे कारखाने आजही मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच कोयत्यावर अवलंबून आहेत. तरीही आसपास चोरी झाली की संशयाची पहिली नजर त्या कोप्यांकडे वळते. मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनास येणारा परमुलखातला यात्रेकरू आपला पाहुणा आणि पोटासाठी आलेला मात्र उपरा, हा भेद आपण कोणत्या न्यायाने करतो?

'उपरा' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. नीरेपलीकडील फलटण तालुक्यात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे याच नावाचे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले. टोपल्या विणत गावोगाव हिंडणारा कैकाडी समाज आपल्याच मुलखात परका कसा ठरतो, हे त्याने दाखवून दिले. त्यापूर्वी अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' या १९५९ सालच्या कादंबरीत हजेरीच्या जाचाचे चित्र रेखाटले होते. १८७१ च्या कायद्याने काही जमातींचा जन्म हाच गुन्हा ठरविला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून या जमाती मुक्त झाल्या; मनावरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही.

हे दुखणे केवळ आपलेच नव्हे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ सालच्या पॅरिसवरील कादंबरीत जिप्सींमध्ये वाढलेली एस्मेराल्डा दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यासाठी फासावर जाते. ती कोणाची, हे कळल्यावर पुराव्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही.

कादंबरी मिटली म्हणून प्रश्न मिटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक चोखोबांच्या मंगळवेढे तालुक्यातले. अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. तिच्यावर बसलेला विश्वास मात्र फार जुना होता.

आज सभांतून 'लोंढे' आणि 'घुसखोर' हे शब्द सर्रास ऐकू येतात. लोंढ्याला चेहरा नसतो, घर नसते, लेकरू नसते. म्हणूनच तो शब्द सोयीचा पडतो. स्थानिकांचा रोजगार, शहरांवरील ताण, सीमेची सुरक्षितता हे प्रश्न खोटे आहेत, असे कोणी म्हणणार नाही. कागदपत्रे तपासण्याचा अधिकार शासनाला आहे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु चौकशी व्यक्तीची व्हावी, जातीची, भाषेची वा प्रांताची नव्हे. साहित्य हरवलेला चेहरा परत देते; भडक भाषण तो पुसून टाकते.

म्हणून शिक्षकांनी ही पुस्तके केवळ परीक्षेपुरती शिकवू नयेत. कोपीतल्या मुलाला त्याच वर्गात सन्मानाने बसवावे. कारकुनाने दाखल्यासाठी आलेल्याला हेलपाटे घालायला लावू नयेत. विद्यार्थ्यांनी हाती आलेली अफवा पुढे धाडण्यापूर्वी खातरजमा करावी.

उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातीलच गावे गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रहिवाशांना दुसरीकडे बिऱ्हाड मांडावे लागले. उपरेपणा कोणाच्याही उंबऱ्याशी येऊ शकतो, हे त्या पाण्याकडे पाहताना तरी विसरता येऊ नये.