बाजारातील पत आणि बँकेतील पत

घाटंजीच्या बाजारपेठेत ‘पत’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ठोक व्यापाऱ्याने केवळ शब्दावर माल धाडावा आणि कापूस विकला गेला की ग्राहकाने उधारी चुकती करावी, या विश्वासावर आपल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. परंतु तो विश्वास पेढीच्या नावाचा असतो. त्याच घरातील चिरंजीव घरकर्जासाठी अर्ज करतात, अथवा सूनबाई स्वतःच्या उद्योगासाठी भांडवल मागतात, तेव्हा बँकेला त्यांच्या नावावर एक ओळही सापडत नाही. कधीच कर्ज न काढणे हे आपल्या घरांत भूषण. बँकेच्या लेखी मात्र तो कोरा कागद.

ही नोंद ठेवण्याचे काम देशात चार पतमाहिती कंपन्या करतात. त्यांतील ‘सिबिल’ची स्थापना २००० सालची, तर या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा २००५ चा. फेडीच्या इतिहासावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक ठरतो. पतसंस्थेचे कर्ज वेळेवर फेडले तरी ते येथे उतरेलच, असे गृहीत धरू नये.

कोरा कागद भरण्यास क्रेडिट कार्ड हे सोयीचे साधन आहे. मात्र निवड सवलतींच्या जाहिराती पाहून करू नये. विमानतळावरील विश्रांतिकक्षाचा लाभ घाटंजीकराला वर्षातून कितीदा होणार? नवख्याने मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे, वार्षिक शुल्क नसलेले साधे कार्ड घ्यावे. ठेवीवर व्याज मिळत राहते आणि पूर्वीची नोंद नसली तरी अर्ज सहसा अडत नाही. शुल्क नसण्याचे महत्त्व वेगळेच आहे. खाते जितके जुने, तितका इतिहास भक्कम. फुकटचे कार्ड वर्षानुवर्षे ठेवणे जड जात नाही. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज मात्र करू नयेत, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते.

कार्ड ज्याची पत उभारायची त्याच्याच नावे हवे. वडिलांच्या कार्डावर मिळालेले पुरवणी कार्ड खर्चास उपयोगी पडते, पण फेडीची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते; त्यावर मुलाची स्वतंत्र पत उभी राहील, अशी आशा धरू नये.

आता व्याजाचे. बाजारात शेकडा दीड की पावणेदोन यावर घासाघीस करणारा आपला व्यापारी कार्डाच्या बिलावरील ‘किमान देय रक्कम’ पाहून निश्चिंत होतो, याचे नवल वाटते. अनेक कार्डांवर हा दर दरमहा शेकडा साडेतीनच्या घरात असतो. वीस हजारांच्या बिलापोटी एक हजार भरले, तर उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याचे व्याज ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १२० रुपये. शिवाय नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून बिल पूर्णच भरावे. बँक खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना देऊन ठेवावी. मर्यादा वीस हजारांची असेल, तर पाच-सहा हजारांपलीकडे वापर नेऊ नये.

आपल्याकडे पैसा हंगामाने येतो, बिल मात्र दरमहा. त्यामुळे दुकानाचा माल या कार्डावर भरू नये. वीजबिल, मोबाइल, किराणा एवढेच पुरे. बिलाची तारीख गैरसोयीची असल्यास ती किमान एकदा बदलून घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिली आहे. स्वतःचेच कार्ड स्वतःच्या दुकानातील यंत्रावर घासून रोकड उभी करण्याची युक्ती काहीजण सांगतात. ती बँकेशी केलेल्या कराराविरुद्ध आहे. त्या वाटेला न जाणेच बरे.

वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवताना नाव नीट तपासावे. आपल्यात एका कागदावर ‘जैन’ आणि दुसऱ्यावर कुळाचे आडनाव, असे सर्रास आढळते. पॅन आणि बँकेतील नाव जुळत नसेल तर नोंदींचा घोळ होऊ शकतो. चूक आढळल्यास तक्रार लेखी करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढे प्रतिदिन १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, म्हणून तक्रारीचा क्रमांक व दिनांक जपून ठेवावा.