बदलीचा आदेश आणि कंबरदुखी

बदलीचा आदेश निघाला की सरकारी कार्यालयात आजारपणाची साथ येते. काल कॅन्टीनमध्ये मिसळीवर तर्री मागून घेणाऱ्याची आज कंबर धरते, रक्तदाब चढतो आणि डॉक्टर सक्त विश्रांती सांगतात. निवडणुकीची ड्यूटी लागली की तालुकाच्या तालुका अंथरूण धरतो. ड्यूटी रद्द होताच औषधाविना बराही होतो.

आस्थापना शाखेत वर्षानुवर्षे असल्या अर्जांवर मी टिपणी लिहीत आलो. आजारी असल्याचा दाखला आणि कामावर हजर होण्यास योग्य असल्याचा दाखला एकाच पॅडवर, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले; वेगळ्या असतात त्या फक्त तारखा. रोगाचे नाव देवालाही वाचता येणार नाही, शिक्का मात्र ठसठशीत.

‘नियमच ढिले आहेत हो’, असे सुस्कारे टाकणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ एकदा उघडावेत. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित केली की पूर्ण पगाराचे १० दिवस हाती पडतात. खऱ्या आजाऱ्याला हे कमीच आहेत. अर्जित रजेला मात्र कुणी सहसा हात लावत नाही, कारण निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत रोख पैसे मिळतात. म्हणून घरच्या लग्नालाही कंबरच दुखते.

दाखला जोडला म्हणजे रजेचा हक्क मिळाला, असे या नियमांत कुठेही नाही. शंका आली तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून फेरतपासणी करून घेण्याचा अधिकार रजा मंजूर करणाऱ्याला आहे. तो वापरणारा साहेब मला तरी भेटला नाही. संघटना चिडेल, आमदारांचा फोन येईल, आणि उद्या आपली बदली झाली तर याच डॉक्टरांच्या दारात उभे राहायचे आहे! मग ‘मंजुरीस हरकत नाही’ खाली कोंबडा काढून साहेब मोकळे.

हरकत निघते ती गरिबाच्या अर्जावर. डायलिसिसवर असलेल्या एका शिपायाचा अर्ज तीनदा परत गेला. आधी शिक्का पुसट, मग नमुना जुना, शेवटी मूळ प्रत नाही. तोवर पगार अडलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी ऑपरेटर तर अंगात ताप घेऊन टाइप करत होता. घरी बसला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात.

बदलीच्या किंवा निवडणुकीच्या आदेशानंतर आठवडाभरात आलेला प्रत्येक वैद्यकीय अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा. आजार खोटा ठरला तर कारवाई दोघांवर करा: रजा घेणाऱ्यावर आणि डोळे मिटून सही करणाऱ्यावर. एका साहेबाची एक वेतनवाढ रोखून दाखवा, नवे परिपत्रक काढावे लागणार नाही.