पत्ता कोणाच्या मार्फत?

गिरणगावात एकेका खोलीत दहा-वीस कामगार राहत. गावाकडचे पत्र कामगाराच्या नावाने येई. पण खाली ‘मार्फत’ म्हणून खानावळवालीचे किंवा खोलीच्या कारभाऱ्याचे नाव असे. पोस्टमन ओळखी तो त्या मार्फतवाल्याला. घरच्या संगणकावरून ई-मेल पाठविण्याची रीत याहून फारशी निराळी नाही.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे. निगमची मोठी इमारत दादर-प्रभादेवीला काशीनाथ धुरू मार्गावर. टेलिफोनची तार मोडेमला जोडायची, नंबर फिरवायचा आणि किरकिर संपेपर्यंत वाट पाहायची. तोवर घरचा फोन अडकलेला! स्वस्त ‘शेल’ खात्यात पडद्यावर नुसती अक्षरे दिसत आणि टपाल निगमच्याच यंत्रावर वाचावे लागे. महागडे टीसीपी/आयपी खाते घेतले की घरचा संगणक स्वतः इंटरनेटला जोडला जाई. मग प्रश्न येई तो नावांचा.

मेल प्रोग्रॅममध्ये दोन नावे भरावी लागत. आपले येणारे टपाल ज्या यंत्रात साठते त्याचे एक, आणि जाणारे टपाल जे स्वीकारते त्याचे दुसरे. तिसरे नाव खुद्द आपल्या संगणकाचे. टपाल पोचविण्याचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्यांनुसार टपाल आणणारे यंत्र समोरच्या यंत्राला प्रथम ‘हेलो’ म्हणते व लगेच स्वतःचे पूर्ण नाव सांगते. घरच्या संगणकाचे नाव बहुधा ‘लोकलहोस्ट’ असे. ते तर प्रत्येक संगणक स्वतःला म्हणतो! दार ठोठावून ‘कोण?’ विचारल्यावर ‘मी’ म्हणण्यासारखेच ते. त्यात डायल-अपवर दर वेळी नवा आयपी क्रमांक मिळे, म्हणजे रोज नवी खोली. अशा अनोळखी पाहुण्याचे टपाल पुष्कळ यंत्रे नाकारीत. समजा, लालबागच्या एखाद्या मुलीने नोकरीचा अर्ज असा धाडला, तर तो साहेबापर्यंत पोचतच नसे.

उपाय साधा होता. टपाल थेट न पाठविता आपल्या सेवा-कंपनीच्या यंत्रामार्फत पाठवायचे आणि प्रेषक म्हणून आपला खरा ई-मेल पत्ता घालायचा, म्हणजे उत्तर बरोबर घरी येते.

पण मार्फतचा पत्ता आपला नसतो, हे विसरू नये. मुंबईच्या जुन्या ग्राहकांच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’ असे लांबलचक नाव असे. २००२ साली निगमचा कारभार टाटांकडे गेला आणि २००८ साली कंपनीचे नावही बदलले. दुसऱ्याच्या नावावरचा पत्ता त्याच्या नशिबाशी बांधलेला असतो.

डायल-अपचे दिवस गेले, पण ओळख विचारणे थांबलेले नाही, उलट वाढले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहूने नियम कडक केले. आपल्या नावाने टपाल कोणत्या यंत्रांनी पाठवावे, याची जाहीर नोंद डोमेनच्या मालकाने करून ठेवायची, तिला एसपीएफ म्हणतात. अशी ओळख नसेल तर पत्र परत येते किंवा स्पॅममध्ये जाऊन पडते.

आता आपल्या मंडळांकडे आणि वाचनालयांकडे पाहा. संस्थेचा ई-मेल बहुतेक ठिकाणी चिटणीसांच्या खासगी खात्यावर असतो. चिटणीस परळ सोडून बदलापूरला गेले किंवा त्यांचे मन दुखावले, की अर्ज, पावत्या, सरकारी पत्रव्यवहार सारे त्यांच्याबरोबर जाते. ‘.इन’ची नावे २००५ पासून कोणालाही थेट घेता येतात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही आहे. संस्थेचे स्वतःचे नाव असेल तर सेवा-कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही.

मात्र नोंदणी संस्थेच्याच नावे करावी. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. वार्षिक शुल्काची रक्कम अंदाजपत्रकात धरावी. ते चुकले तर नाव दुसरा कोणी घेऊन जाऊ शकतो.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय अवश्य घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवा.