हात आणि बुद्धी यांची फारकत नको

चतुरस्र प्रतिभा म्हटली की लिओनार्दो दा विंची (1452–1519) याचे नाव प्रथम ओठांवर येते. चित्रकार, अभियंता, शरीररचनेचा अभ्यासक, उडत्या यंत्राचे आराखडे काढणारा. एकाच माणसाच्या ठायी इतके गुण पाहून वर्गातील मुले तोंडात बोट घालतात. परंतु त्यातून त्यांच्या मनावर नकळत एक चुकीचा ठसाही उमटतो. अशी माणसे पाचशे वर्षांपूर्वी युरोपातील श्रीमंत नगरांत होऊन गेली, आपल्यासारख्या समुद्राने वेढलेल्या लहान देशात असले काही घडायचे नाही, असे त्यांना वाटू लागते. हा समज दूर व्हावा म्हणून आज बेटावरच जन्मलेल्या एका माणसाची ओळख वाचकांना करून द्यावीशी वाटते. त्यांचे नाव लेन लाय आणि जन्मभूमी न्यूझीलंड.

लेन लाय यांचा जन्म 5 जुलै 1901 रोजी क्राइस्टचर्च शहरात झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. मुलगा जेमतेम तीन वर्षांचा असताना ते क्षयाने वारले. आईने लोकांकडे साफसफाईची कामे करून मुलांना वाढवले. पुढे तिने दुसरे लग्न केले. सावत्र वडील दीपगृहाचे रखवालदार असल्याने काही काळ हे कुटुंब केप कॅम्पबेल येथील दीपगृहाजवळ राहिले. समोर अथांग समुद्र, सदैव वाहणारा वारा आणि रात्री दीपगृहाचा प्रकाश, हीच त्या मुलाची पहिली शाळा म्हणावी लागेल. घरच्या ओढगस्तीमुळे खरी शाळा लवकरच सुटली. मग दिवसा नोकरी आणि संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग असा क्रम सुरू झाला.

याच काळात एका सकाळी आकाशातील ढग पाहताना त्यांच्या मनात एक विचार आला. चित्रकार ढगांचे चित्र काढतात, पण ढगांची चाल कागदावर कोण उतरवतो? संगीतकार जशी स्वरांची रचना करतो तशी नुसत्या गतीची रचना का करता येऊ नये? या एका प्रश्नाच्या मागे ते जन्मभर लागले. आम्हाला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. त्यांनी अनेक विद्या हाताळल्या, पण त्या केवळ हौसेने गोळा केलेल्या नव्हत्या. प्रश्न एकच होता. त्याचे उत्तर शोधताना जी विद्या लागली ती त्यांनी शिकून घेतली.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी गुरू कोणाला मानले ही. त्या काळी गोऱ्या समाजात माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील लोकांची कला मागासलेली समजली जाई. लाय मात्र संग्रहालयांत बसून त्या कोरीव कामाची चित्रे वहीत उतरवून घेत. पुढे ते सामोआला जाऊन तेथील गावकऱ्यांमध्ये राहिले. त्या वेळी सामोआचा कारभार न्यूझीलंडकडे होता. गोऱ्या माणसाने असे गावात मिसळून राहणे अधिकाऱ्यांना रुचले नाही, आणि त्यांना ते बेट सोडावे लागले. परंतु जे शिकायचे ते शिकून झाले होते. 1926 मध्ये जहाजाच्या भट्टीवर कोळशाचे काम करीत ते लंडनला पोहोचले. तेथे हजारो चित्रे हाताने काढून 1929 मध्ये त्यांनी पहिला चित्रपट पुरा केला. त्याला नाव दिले ‘तुसालावा’. हा शब्द सामोअन भाषेतला आहे. लंडनमध्ये नाव कमवायला निघालेल्या तरुणाला बेटाच्या भाषेची लाज वाटली नाही, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे चित्रपट काढण्याची इच्छा दांडगी, पण कॅमेऱ्यासाठी पैसा नाही, अशी स्थिती आली. तेव्हा लाय यांनी फिल्मच्या कोऱ्या पट्टीवरच ब्रशाने रंग भरला. पट्टी यंत्रातून फिरली की पडद्यावर रंग संगीताच्या तालावर नाचू लागत. 1935 मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्यासाठी त्यांनी याच रीतीने ‘अ कलर बॉक्स’ हा छोटा चित्रपट केला. पार्सल टपालाची ती जाहिरात होती, पण आज चित्रपटकलेच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. 1944 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. 1958 च्या ‘फ्री रॅडिकल्स’मध्ये तर त्यांनी रंगही वापरला नाही. काळ्या फिल्मवर टोकदार हत्यारांनी ओरखडे काढून पांढऱ्या रेषा नाचवल्या. ब्रुसेल्स येथील स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले, आणि 2008 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याचा समावेश झाला.

येथे आपल्या पूर्वजांच्या भूमीतील एका कलावंताची आठवण होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (1890–1954) कारागिराच्या घरात वाढले. नाटक मंडळ्यांचे पडदे त्यांनी रंगवले, पुतळे घडवले आणि चित्रपटाची ओढ लागली तेव्हा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला. त्यातून 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कोल्हापूरच्या माणसाने नसलेला कॅमेरा घडवला आणि न्यूझीलंडच्या माणसाने कॅमेऱ्यावाचून चित्रपट काढला. दोघांची कधी गाठ पडली नाही, परंतु दोघांच्याही अंगी एकच बळ होते. त्यांचे हात आणि त्यांची बुद्धी एकमेकांपासून कधी दुरावली नव्हती.

उतारवयात लाय यांनी पोलादाच्या पट्ट्यांना मोटार जोडून नाचणारी, गर्जणारी शिल्पे घडवली. त्यांच्या मनातील कित्येक शिल्पे इतकी प्रचंड होती की त्यांच्या हयातीत ती उभी राहू शकली नाहीत. तेव्हा पुढे आले न्यूझीलंडमधील न्यू प्लिमथ हे लहानसे शहर. तेथील कलादालनाने आणि जॉन मॅथ्यूज या अभियंत्याने त्यांना साथ दिली. 15 मे 1980 रोजी लाय वारले. त्यापूर्वी आपल्या कामाचा ठेवा त्यांनी जन्मभूमीच्या हवाली केला. त्यांच्या कल्पनेवरून न्यू प्लिमथच्या किनाऱ्यावर 45 मीटर उंचीची तांबडी ‘विंड वाँड’ उभी राहिली. वारा आला की ही एवढी मोठी काठी गवताच्या पात्यासारखी झुकते. 2015 मध्ये त्याच शहरात केवळ त्यांच्या कामासाठी लेन लाय सेंटर उघडले. बेट सोडून गेलेल्या मुलाचे स्वप्न बेटाने पुरे केले, तेही त्याच्या पश्चात.

आता आपल्या मॉरिशसकडे वळू. आमच्या घरांत मूल चार-पाच वर्षांचे झाले की परीक्षेचा विचार सुरू होतो. शाळा सुटली की ट्युशन, ट्युशन सुटली की गृहपाठ. हाताचे काम मात्र ‘अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी’ असे आपण ठरवून टाकले आहे. आईवडिलांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. उसाच्या मळ्यातून आपली पिढी बाहेर आली ती शिक्षणाच्या बळावर, आणि चांगल्या गुणांवाचून चांगली नोकरी मिळत नाही, हे खरेच आहे. परंतु ज्या आजोबांना लाकूड तासता येत होते, झाकरीची ढोलकी मढवता येत होती, गणेशचतुर्थीला मातीची मूर्ती घडवता येत होती, त्यांचे ते ज्ञान कोणत्या परीक्षेत मोजले गेले? आणि ते त्यांच्याबरोबर गेले तर पुन्हा कोठून आणायचे?

प्रत्येक मूल लेन लाय होईल, असा आमचा दावा नाही. प्रत्येक मुलाला मात्र आपला स्वतःचा प्रश्न पडला पाहिजे आणि त्याचे उत्तर शोधायला हात मोकळे मिळाले पाहिजेत. आमची सूचना साधी आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ पुस्तकांना सुट्टी द्यावी. आपल्या मराठी मंडळांनी मुलांना जुन्या कारागिरांसमोर बसवावे. मोडलेला रेडिओ फेकून देण्याआधी तो उघडून पाहू द्यावा. आणि हे करताना घरातली मराठी बोलावी, म्हणजे अवजारांची नावेही टिकतील.

उद्या यातलेच एखादे मूल परदेशी जाईल, काही नवे करून दाखवील. त्या वेळी त्याचे काम सांभाळायला आपल्याकडे जागा असेल का, याचाही विचार प्रत्येक मंडळाने आजच सुरू करावा.